उजवीकडे कलणारी गाडी

४ मार्च, बुधवार

संध्याकाळी क्लिनिकमधून येताना सिग्नलला उभी होते. शेजारी एक मोटरसायकल येऊन थांबली आणि मान वळायच्या आधी माझे कान तिकडे वळले. दिवसभर मी माणसांना आवाजबंद खोलीत बसवते, हेडफोन चढवते आणि विचारत राहते, आता ऐकू आलं? आता? त्यामुळे सुटताना कान इतके दमलेले असतात की रस्त्यावरचा कुठलाच आवाज नकोसा होतो. हा हवासा वाटला. दोन ठोके, पण सारख्या अंतरावर नाहीत. एक पडतो, त्याच्या पाठोपाठ दुसरा, मग जरा दम खाऊन पुन्हा पहिला.

बघितलं तर इंजिनाचे दोन सिलिंडर टाकीखालून डावीउजवीकडे बाहेर आलेले, कोपरं काढून बसलेल्या माणसासारखे. चालवणाऱ्याने जागच्या जागी ॲक्सिलरेटर पिळला तशी अख्खी गाडी किंचित उजवीकडे कलली. त्याने कलवली नाही, आपणहून. मग हिरवा दिवा लागला, तो गेला, आणि मागचे हॉर्न वाजवायला लागले तेव्हा कळलं की मी अजून तिथेच आहे.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "बरं. हात धू आणि काकडी चिर."

६ मार्च, शुक्रवार

काय गाडी आहे ते सापडलं. आडव्या बसवलेल्या व्ही-ट्विन इंजिनाची स्पोर्ट्स मोटरसायकल. थोडीच वर्षं निघाली आणि बंद झाली. चेन नाही, मागच्या चाकापर्यंत शाफ्ट. इंजिन नुसत्या हवेवर थंड होतं. ज्यांनी चालवली त्यांच्यात दोन तट आहेत. एक म्हणतात हा ट्रॅक्टर आहे, दुसरे म्हणतात हिच्यावर एकदा बसलात की दुसरीवर बसवत नाही. मधलं मत असलेला एकही माणूस सापडला नाही.

मी पंचेचाळीस वर्षांची आहे. घटस्फोटाला जमाना झाला. आईबरोबर तिसऱ्या मजल्यावर राहते, एका लहानशा मोटरसायकलवर कामाला जाते, रविवारी आईला बागेत फिरवून आणते. सगळं ठीक आहे. ते सगळं वाचताना नेमकं हेच डोक्यात येत होतं, की सगळं ठीक आहे.

८ मार्च, रविवार

शोरूममध्ये जाऊन आले. दादाने परदेशातून फोनवर ठरवून टाकलं होतं की घ्यायचीच असेल तर नवी, चार सिलिंडरची, वॉरंटीवाली घे. चालवून बघितली. काही म्हणजे काही खोट नाही. इंजिन शिवणयंत्रासारखं चालतं. परत आणून उभी केली तर विक्रेत्याने विचारलं, "कशी वाटली, मॅडम?" मी म्हटलं, छान आहे. तो म्हणाला, "तुमचा चेहरा तसं म्हणत नाहीये."

त्याला तिथून हाकलतील एक दिवस, पण माणूस चांगला.

१५ मार्च, रविवार

गाडी मिळाली. आधी लिहून टाकते, मग बाकीचं.

जाहिरातीत एक फोटो होता आणि एकच ओळ: 'चालवून बघायला मिळेल, पण आधी बोलावं लागेल.' आई म्हणाली, "मी येते. तुला कोणीही गुंडाळेल." ती शाळेत गणित शिकवायची. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी समोरच्याला फळ्याजवळ उभं केल्यासारखं बोलते.

मालक बंदराजवळ राहतात. फेरीबोट चालवायचे, त्यामुळे सगळा मोहल्ला त्यांना कप्तान म्हणतो. सत्तरी ओलांडलेली, दाढी पांढरी, काठी. एकटेच असतात. गॅरेजमध्ये ती उभी होती. हिरवी. फोटोत काळी वाटली होती.

मी बोलायच्या आधी आईने सुरुवात केली. "का विकताय?"

"खुब्याचं ऑपरेशन झालं. पाय वरून पलीकडे जात नाही."

"म्हणजे चालवत नाही?"

"नाही."

"मग तेल ताजं कसं? मागच्या भिंतीवर धुराचा डागही नवा आहे. रोज सुरू करता की काय?"

कप्तानांनी पहिल्यांदाच आईकडे नीट बघितलं. "करतो. तिचा आवाज ऐकल्याशिवाय सकाळचा चहा गोड लागत नाही."

यावर आई गप्प बसली. आई गप्प बसली हे नोंदवून ठेवण्यासारखं आहे.

मग त्यांनी मला विचारलं, हीच का हवी. मी म्हटलं, आवाजामुळे. त्यांनी गाडी सुरू केली आणि म्हणाले, "सांगा, काय ऐकू येतं." मी डोळे मिटून ऐकलं. ठोक्यांमधलं अंतर सांगितलं, क्लचची खळखळ सांगितली आणि उजव्या सिलिंडरमध्ये काहीतरी डाव्यापेक्षा जास्त टिकटिकतंय तेही सांगितलं. त्यांनी इंजिन बंद केलं. "उजवा वाल्व्ह. परवापासून करायचा म्हणतोय." आणि किल्ली माझ्या हातात दिली.

धक्क्यापर्यंत जाऊन आले. जाताना जपून, येताना नाही. तिसऱ्या गिअरमध्ये नुसतं मनगट वळवलं तर पोटात कोणीतरी हात घालून पुढे ओढल्यासारखं झालं. परत आले तेव्हा हसू थांबवता येत नव्हतं. हेल्मेट काढायचं टाळलं थोडा वेळ.

त्यांची एक अट आहे. अधूनमधून रविवारी ते येऊन इंजिन बघून जाणार. "मी गाडी विकतोय, सोडत नाहीये," म्हणाले. मला काय, बरंच आहे.

येताना आई म्हणाली, "माणूस टापटिपीचा आहे. भिंतीवर हत्यारं आकाराप्रमाणे लावलीत." गाडी कशी वाटली, यावर चकार शब्द नाही.

२२ मार्च, रविवार

घरी आणली. अंगणात कोपऱ्यातली, विकून टाकलेल्या लहान गाडीची जागा दिली आहे.

खोड्या कळायला लागल्या. न्यूट्रल सापडत नाही. गुडघे सिलिंडरजवळ येतात आणि भाजतात. क्लच बरणीत खिळे हलवल्यासारखा वाजतो. हॅंडल खाली आहे, मनगटं ठणकतायत. आज मुद्दाम काही कारण नसताना दोनदा खाली जाऊन तिला बघून आले. तिसऱ्यांदा निघाले तेव्हा आई म्हणाली, "पळून जाणार नाही ती."

५ एप्रिल, रविवार

कप्तान आले. वाल्व्ह या गाडीत बाहेरच असल्यामुळे झाकण काढलं की समोर. मला एक एक पत्ती आत सरकवून फट कशी मोजायची ते शिकवलं. हाताला कळायला हवं म्हणाले, ना सैल ना घट्ट, लोण्यातून सुरी ओढावी तशी.

आईला तेलाचा वास सहन होत नाही, तरी खाली आली आणि बॅटरीचा उजेड धरून उभी राहिली. कानात मोत्यांचे कुडे घातले होते. नंतर कुठे जायचं असेल, पण गेली नाही.

१२ एप्रिल, रविवार

पुन्हा आले. वाल्व्ह इतक्या लवकर परत बघावे लागतात हे मला माहीत नव्हतं. जुन्या इंजिनाचं तसंच असतं म्हणे.

मी घाटापर्यंत चक्कर मारून आले. वळणांवर ही गाडी घाई केली तर रुसते आणि संथपणे, ठरवून वाकवली तर रुळावरून गेल्यासारखी जाते. हे मला आज समजलं आणि मी एकाच वळणावरून पाच वेळा गेले. परत आले तर दोघं अंगणातच बसलेली. चहाचे कप रिकामे. आईने विचारलं, "इतक्या लवकर?"

मी तब्बल अडीच तास बाहेर होते.

१९ एप्रिल, रविवार

एक गोष्ट लक्षात आली आणि काळजी वाटली. आई हल्ली हळू बोलते आणि कप्तान तिच्या बाजूला झुकून ऐकतात. माझ्याशी बोलताना झुकत नाहीत, पण माझा आवाज मोठा आहे. आयुष्यभर बोटीच्या इंजिनाशेजारी उभं राहिलेल्या माणसाचा एक कान गेलेला असणारच. असे शेकड्याने बघितलेत मी. त्यांना तपासणीला यायला सांगितलं. ते नको म्हणत होते. आई म्हणाली, "ती म्हणतेय तर जाऊन या." लगेच तयार झाले.

२३ एप्रिल, गुरुवार

कप्तान येऊन गेले. कमाल आहे. या वयाला इतका चांगला आलेख मी बघितलेला नाही. दोन्ही कान सारखे. सुई पडली तर सांगतील कुठे पडली. उपकरणात बिघाड असेल म्हणून दुसऱ्या खोलीत पुन्हा केलं, तेच आलं.

मग झुकतात कशासाठी? मानेचं काही असेल. आईला सांगितलं तर ती हसली आणि स्वयंपाकघरात गेली.

३ मे, रविवार

मनात आहे ते लिहिते. मला तीन दिवस जायचंय. डोंगर ओलांडून पलीकडच्या सरोवरापर्यंत, एकटीने. रस्ता नकाशावर इतक्या वेळा बोटाने चालून झालाय की नकाशाला घडी पडली आहे. पण बाबा गेल्यापासून आईला मी एकाही रात्री एकटं ठेवलेलं नाही. दर रविवारी नुसतं दोन तासांसाठी निघतानासुद्धा दारात पाय अडतो. वळून बघते, ती खिडकीशी बसलेली असते, आणि मग पहिल्या चौकापर्यंत गाडीत मजा येत नाही.

तिला विचारायचंच धाडस होत नाहीये.

५ मे, मंगळवार

उपाय सापडला. कप्तानांना फोन करून म्हटलं, मी तीन दिवस नसेन, तुम्ही आईकडे जरा लक्ष ठेवाल का, एकदा फोन केलात तरी पुरे. ते लगेच "हो" म्हणाले. माझं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं. किती सज्जन माणूस.

आईला सांगितलं. वाटलं होतं, चिडेल. ती म्हणाली, "तीनच दिवस? चार घे की."

१५ मे, शुक्रवार, सरोवराजवळची खाणावळ

पोचले. 

चढावर सगळ्या गाड्या मागे पडत गेल्या. खिंडीत थंडी होती आणि तेव्हा कळलं की या गाडीचे सिलिंडर गुडघ्यांजवळ का आहेत. थांबून हातमोजे काढले आणि दोन्ही बाजूंना तळवे धरून शेकत उभी राहिले. पलीकडून खाली उतरताना रस्ता मोकळा होता. वेग किती होता ते लिहीत नाही, आई ही वही वाचत नाही असं मी समजून चालते.

खाणावळीच्या मालकिणीने विचारलं, "एकट्याच?" मी हो म्हटलं, आणि ते सांगताना दर वेळी जो एक लहानसा खड्डा लागतो तो आज लागला नाही.

आईला फोन केला. मजेत होती. मागे कोणीतरी कपबशा विसळत होतं. टीव्ही असेल.

१७ मे, रविवार

घरी आले आहे. सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर डोकं जागेवर येणार नाही.

परतीला खिंड ओलांडली आणि उतारावर चहाला थांबले. निघताना क्लच दाबला, तर लिव्हर मऊ, हाताला काहीच लागेना. केबल तुटली होती. गाव दोन तासांवर. घरी फोन केला, कोणी उचलला नाही. मग कप्तानांना केला. फोन आईने उचलला.

"कप्तान आहेत का? क्लचची केबल तुटली."

"ते हात धुतायत. थांब." मग फोन बाजूला धरून, "अहो, ती म्हणतेय क्लचची केबल तुटलीय."

मागून कप्तानांचा आवाज. आई मध्ये उभी राहून इकडचं तिकडे सांगत होती.

"ते विचारतायत, तू उतारावर आहेस का?"

"हो."

"मग न्यूट्रलमध्ये सुरू कर, घरंगळू दे, वेग आला की पहिला गिअर टाक. खटकन आवाज येईल, घाबरू नकोस म्हणतायत. पुढचे गिअर क्लचशिवाय पडतात. ॲक्सिलरेटर क्षणभर सोडायचा आणि पायाने वर."

"आणि सपाटीवर थांबावं लागलं तर?"

आईने विचारून सांगितलं. "इंजिन बंद कर. पहिल्या गिअरमध्ये टाक आणि तसंच स्टार्टर दाब. उडी मारेल आणि चालू होईल. घट्ट धर." मग थांबून, तिच्या स्वतःच्या आवाजात, "आणि हे बघ, शक्यतो थांबूच नकोस. लांबून दिवे बघत ये, म्हणजे लाल असताना पोचायची वेळच येणार नाही. साधं गणित आहे."

तसंच केलं. पहिला गिअर खटकन पडला, गाडीने धक्का दिला आणि निघालो. दुसरा मऊ पडला. मला इतका आनंद झाला की एकटीच ओरडले. गाडीला आपण फक्त आवाजावरून समजून घेतोय, ती कधी तयार आहे ते कानाने ओळखतोय, याच्यापेक्षा मोठी मजा मला आजवर मिळालेली नाही.

आणि तिसऱ्यातून चौथ्यात टाकताना मला ते 'अहो' ऐकू आलं.

आई कोणालाही 'अहो' म्हणते. भाजीवाल्याला म्हणते, डॉक्टरला म्हणते. पण हे तसं नव्हतं. हे बाबा होते तेव्हाचं होतं. मी आवाज ओळखून पोट भरते आणि हे मला कळायला डोंगर ओलांडावा लागला. मग एकापाठोपाठ एक सगळं आठवत गेलं: कुडे, कपबशा, दर आठवड्याला बिघडणारे वाल्व्ह, दोन्ही कान ठणठणीत असलेला माणूस. वस्ती येईपर्यंत मी रस्त्याकडे बघत होते की नाही, कोण जाणे.

एका सिग्नलला थांबावंच लागलं. इंजिन बंद, पहिला गिअर, स्टार्टर. गाडीने अशी उडी मारली की शेजारचा सायकलवाला पायउतार झाला.

अंगणात दोघं उभी होती. कप्तान सरळ गाडीकडे गेले आणि वाकून केबल बघायला लागले. माझ्याकडे बघायचं टाळत होते. आई माझ्याकडेच बघत होती.

"कळलं वाटतं," ती म्हणाली.

मी म्हटलं, "मला आंघोळ करायचीय."

१८ मे, सोमवार

आई त्यांच्याकडे राहायला जाणार आहे. पुढच्या महिन्यात. सकाळी पोळी भाजत... नाही, पोळी मी भाजत होते, ती बसली होती. शांतपणे सांगितलं. मी विचारलं, "मला कधी सांगणार होतीस?"

"तू विचारलं असतंस तेव्हा."

"मी तुझ्यासाठी इतकी वर्षं…" एवढंच म्हणाले आणि वाक्य पुढे नेता आलं नाही. कारण ते कुठे जातंय ते मला दिसलं आणि आवडलं नाही.

कामावर गाडी नेली नाही. बसने गेले.

२० मे, बुधवार

दादाचा फोन. म्हणाला, "तुला म्हटलं होतं, चार सिलिंडरची घे." आणि स्वतःच हसत सुटला. मला हसू आलं नाही. तो म्हणाला, "अगं, आईचं वय काय, हे काय चाललंय," आणि मग दहा मिनिटांनी स्वतःच म्हणाला, "माणूस बरा आहे ना?" मी म्हटलं, बरा आहे. ते म्हणताना राग आला, कारण ते खरं आहे.

केबल अजून तुटलेलीच आहे. कप्तानांनी नवी पाठवून दिलीय. मी बसवलेली नाही.

२४ मे, रविवार

कप्तान आले नाहीत. आई खिडकीशी बसली होती. मी विचारलं, "जायचं नाही का तुला?"

"तू रागावलेली असताना नाही जाणार."

"मी रागावलेली नाही."

"मग खाली गाडी बंद का पडलीय?"

मी तिच्याजवळ बसले. ती खिडकीकडून माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "तू निघताना दारात वळून माझ्याकडे बघायचीस ना, ते मला आवडायचं नाही. घरी गॅस चालू राहिलाय का असं बघावं, तसं बघायचीस. मला वाटायचं, ही माझ्यामुळे अडलीय. तुला वाटायचं, आई माझ्यामुळे तगलीय. दोघी एकमेकींना धरून बसलो होतो आणि दोघींचे हात अवघडले होते."

"आणि ते?"

"त्यांनी पहिल्या दिवशी मला विचारलं, तुम्हाला तो डाग कसा दिसला. इतक्या वर्षांत मला काय दिसतं असं कोणी विचारलं नव्हतं गं."

मी पण नाही. हे ती म्हणाली नाही.

संध्याकाळी केबल बसवली. बोटं काळी झाली. आईने वरून बॅटरी आणून धरली. उजेड होता, गरज नव्हती, तरी धरली.

२७ मे, बुधवार

पुन्हा गाडीवर कामाला गेले. किती दिवसांत हे इंजिन ऐकलं नव्हतं. पार्किंगमध्ये उतरल्यावर माझ्या लक्षात आलं की मी गुणगुणतेय.

एकटं राहायची भीती वाटते. वाटते ती वाटते. पण तिच्या खालून दुसरंही काहीतरी ठोके देतंय, आणि ते भीतीसारखं वाटत नाही.

७ जून, रविवार

आईचं सामान काल टेम्पोने गेलं. दोन पेट्या, पुस्तकं आणि तिची आरामखुर्ची. आज ती स्वतः जायची होती. मी म्हटलं, टॅक्सी बोलावते. ती आतून निळं हेल्मेट घेऊन आली. केव्हा आणलं होतं, देव जाणे.

"तू सोड."

मागची सीट म्हणजे नावाला सीट. तिला बसवलं, पाय कुठे ठेवायचे ते दाखवलं. तिने माझी कंबर धरली, आधी नुसतं जॅकेटचं कापड, मग पहिल्या वळणानंतर नीट.

शहरातून हळू नेली. बंदराकडचा लांब सरळ रस्ता लागला तशी कानाजवळ हेल्मेटवर टकटक झाली. वेग कमी करून मी विचारलं, "भीती वाटतेय?"

"हा कितवा गिअर?"

"तिसरा."

"पुढे आहेत का अजून?"

"आहेत."

"मग राखून कोणासाठी ठेवलेस?"

मी चौथा टाकला. मग ॲक्सिलरेटर पिळला आणि गाडी पुढे झेपावली. आईचे हात माझ्या पोटावर घट्ट आवळले गेले आणि पाठीमागून एक आवाज आला. क्षणभर मला कळेना की हा कशाचा. आई हसत होती. तिचं हे हसणं मी ऐकलेलं नव्हतं.

कप्तान फाटकाशी उभे होते. लांबूनच दिसले, इस्त्रीचा शर्ट, एक हात वर केलेला. मी ब्रेककडे बोट नेलं.

"नको," आई कानाशी ओरडली. "पुढून वळव."

मी पाचवा टाकला आणि आम्ही त्यांच्यासमोरून तशाच गेलो. आरशात ते हात वर धरून तसेच उभे राहिलेले दिसले, लहान लहान होत गेले. पुढे वळायला जागाच नाही, रस्ता एका बाजूला समुद्र धरून थेट दीपगृहापर्यंत जातो. आईला ते माहीत होतं.

परत येऊन फाटकात थांबलो तेव्हा त्यांचा चहा गार झाला होता. त्यांनी आईला उतरायला हात दिला. तिला सरळ उभं राहायला जरा वेळ लागला. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "इथून गेलीस तेव्हा चौथ्यात होतीस की पाचव्यात?"

हेल्मेट काढत उत्तर आईने दिलं.

"पाचव्यात," ती म्हणाली. "आणि अजून जागा होती."